स्टीव्ह-बकी, चार्ल्स-एरिक: नुसती दोस्ती म्हणून किती दिवस सोडून द्यायचं?

सातरस्ता

स्टीव्ह रॉजर्स कॅप्टन अमेरिका असलेल्या तिन्ही पिक्चरमध्ये खरी प्रेमकथा एकच आहे आणि ती स्टीव्ह आणि त्याचा लहानपणचा दोस्त बकी बार्न्स यांची आहे, असं माझं मत आहे, ते जरा सविस्तर मांडायचंय म्हणून हा धागा. मी गे आहे, सोलापूरचा आहे, हे आधीच सांगून टाकतो म्हणजे "तुलाच असं का दिसतं" हा प्रश्न चौथ्या प्रतिसादात यायला नको. मला दिसतं ते त्यामुळंही दिसत असेल. पण पडद्यावर जे घडतं ते सगळ्यांच्याच समोर घडतं, तर आधी तेच बघू.

२०११ चा पहिला भाग. किडकिडीत स्टीव्ह गल्लीत मार खातोय, बकी येऊन सोडवतो. मग बकी १०७ व्या तुकडीत सार्जंट होऊन लढाईवर जातो. इकडं स्टीव्हला सीरम मिळतं, ताकद येते, पण सरकार त्याला स्टेजवर उभं करून बाँड विकायला लावतं. अशात त्याला कळतं की १०७ वी तुकडी शत्रूच्या हातात सापडली. कर्नल सांगतो की बार्न्स हे नाव मी मेलेल्यांच्या घरी पाठवायच्या पत्रांवर बघितल्यासारखं वाटतंय. तरी हा गडी विमानातनं उडी मारून एकटा शत्रूच्या मुलखात जातो. म्हणजे ढाल आणि कपडे आधीपासून अंगावर होते, पण तो कॅप्टन अमेरिका झाला त्या रात्री, आणि झाला तो बकीला आणायला जाताना. पुढं कारखाना पेटलाय, मधला पूल कोसळलाय, स्टीव्ह म्हणतो तू नीघ, बकी ओरडतो तुला सोडून नाही जाणार. हाच सीन हिरो आणि हिरॉइनमध्ये असता तर हे काय चाललंय ते कुणाला समजावून सांगावं लागलं असतं का?

२०१४ चा विंटर सोल्जर तर मी किती वेळा बघितला असेल. बकीची स्मृती पुसून त्याला मारेकरी बनवलाय, तो स्टीव्हला ओळखत नाही. मध्येच एक जुनी आठवण येते, स्टीव्हच्या आईला पुरून दोघं परत आलेत आणि बकी म्हणतोय माझ्याकडं राहायला ये, लहानपणी टाकायचो तशा सोफ्याच्या गाद्या जमिनीवर टाकू. स्टीव्ह म्हणतो माझं मी बघीन. तेव्हा बकी जे वाक्य बोलतो, शेवटपर्यंत तुझ्या सोबत आहे या अर्थाचं, तेच वाक्य क्लायमॅक्सला स्टीव्ह त्याला परत ऐकवतो, ढाल खाली पोटोमॅक नदीत टाकून देऊन, मार खात खात. आणि बकीचा हात थांबतो. प्रेमातला माणूस सगळं विसरलाय आणि एक खूण पटल्यावर त्याला आठवतं, ही गोष्ट आपण शकुंतलेपासून ऐकत आलोय. तिथं अंगठी होती, इथं वाक्य आहे.

सिव्हिल वॉरमध्ये, २०१६ ला, बकी ओळख पटवायला काय सांगतो? तुझ्या आईचं नाव सारा, तू बुटात वर्तमानपत्र कोंबायचास. पुढं तो हेलिकॉप्टरमधनं पळायला बघतो तर स्टीव्ह नुसत्या हातांनी ते हेलिकॉप्टर धरून ठेवतो, दंडाच्या शिरा तटतटल्यात. शेवटी टोनीशी, म्हणजे आयर्न मॅनशी, भांडण होतं, मैत्री तुटते, ढाल तिथंच टाकून स्टीव्ह बकीला आधार देत चालायला लागतो. ज्या माणसासाठी तुम्ही देश, टीम, ढाल सगळं सोडता तो तुमचा कोण?

आणि नेमकं याच पिक्चरमध्ये मध्येच शॅरन कार्टरचं चुंबन येतं. पहिल्या भागात स्टीव्हला आवडलेल्या पेगीची भाची. पेगी जाऊन काही दिवसच झालेत. बकी आणि स्टीव्हचा साथीदार सॅम त्या छोट्या फोक्सवॅगनमध्ये बसून हे बघतायत. मला तो सीन बघताना स्पष्ट वाटलं की हा प्रेक्षकांना दाखवलेला दाखला आहे, बघा हं, याला मुलीच आवडतात. पिक्चरला त्या चुंबनाची काडीचीही गरज नव्हती, स्टीव्हच्या पुढच्या गोष्टीत शॅरन परत येतही नाही.

माझी तक्रार इथं आहे. प्रेमाची सगळी भाषा वापरायची, त्याग, वाट बघणं, ओळख पटणं, सगळं, लोकांना रडवायचं, तिकिटं विकायची, आणि जिथं नाव द्यायची वेळ येते तिथं एक मुलगी आणून उभी करायची. त्याच वर्षी मे महिन्यात कॅप्टन अमेरिकाला बॉयफ्रेंड द्या असा हॅशटॅग जगभर चालला, म्हणजे हे दिसणारा मी एकटा नव्हतो. मग अॅव्हेंजर्स एन्डगेममध्ये, २०१९ ला, काय मिळालं? आधारगटात बसलेला एक माणूस, जो एका पुरुषासोबत डेटला गेल्याचं सांगतो, दिग्दर्शक ज्यो रुसोनं स्वतः केलेली भूमिका. मार्व्हलच्या पिक्चरमधलं पहिलं उघड गे पात्र म्हणून त्याचा गाजावाजा झाला. त्याला नावसुद्धा नाही. तेवढा तुकडा कापला तर पिक्चरला कळणारही नाही.

एक्स-मेनमधल्या चार्ल्स-एरिकबद्दल थोडक्यात लिहितो, चार्ल्स मनात शिरू शकणारा, एरिक धातू हलवू शकणारा. त्यांचा फर्स्ट क्लासही २०११ चाच. चार्ल्स एरिकच्या मनात शिरून त्याला त्याच्या आईची, मेणबत्त्या लावतानाची आठवण शोधून देतो, दोघांच्या डोळ्यांत पाणी, आणि मग एरिकच्या ताकदीनं ती लांबची अवाढव्य डिश वळते. क्युबाच्या किनाऱ्यावर त्यांच्यासोबतच्या मोइरानं झाडलेली गोळी एरिक उडवून लावतो आणि ती चार्ल्सच्या मणक्यात घुसते, तरी त्याला मांडीवर घेऊन एरिक म्हणतोय आपल्या दोघांना एकच गोष्ट हवीय, आणि चार्ल्स म्हणतो नाही मित्रा. मला तर ते सरळ सरळ घटस्फोटासारखं वाटलं. २०१९ च्या डार्क फीनिक्सच्या शेवटी पॅरिसच्या कॅफेत एरिक बुद्धिबळाचा पट घेऊन त्याच्यासमोर बसतो, तू मला घर दिलंस, आता मला देऊ दे असं म्हणतो. मुलगी नाही, दाखला नाही, काही नाही. म्हणून मला ते दोघं जास्त प्रामाणिक वाटतात.

तुम्हाला काय वाटतं? शिव्या द्यायच्या असतील तर मुद्द्याला धरून द्या.

कडकभाकरी

का बे भावा, सगळ्यात तुम्हाला तेच दिसालंय का? राग मानू नको, मनापासून बोललालो. मी आणि माझा दोस्त लहानपणापासून एका गादीवर झोपलोय, गड्ड्यावर हातात हात घालून फिरलोय, त्याच्या बापाला अॅडमिट केलं तवा चार रात्री हॉस्पिटलच्या जिन्यात बसलो. उद्या कुणी म्हणलं हे दोघं तसले तर तो माझ्या खांद्यावर हात टाकायचा बंद होईल. पुरुषांना एकमेकांवर जीव लावायला तेवढी एकच जागा हाय, दोस्ती. ती पण तुमाला पाहिजे का? स्टीव्हला बकीशिवाय कोण होतं, आई गेली, बाप आधीच गेलेला. लष्करातली माणसं अशीच असतात एकमेकांसाठी. सगळ्याला लव्हस्टोरी करायची गरज नाय.

सातरस्ता

राग नाही आला भावा, उलट एवढं मनापासून लिहिलंस म्हणून नीट उत्तर देतो. तुझ्या दोस्तानं हात काढून घेतला तर तो माझ्यामुळं नाही काढणार, "तसले" असणं ही शिवी आहे असं त्याला शिकवलंय म्हणून काढणार. ती शिवी गेली की तुझा हात जिथं आहे तिथंच राहील.

आणि गड्ड्याचं म्हणालास तर ऐक. जानेवारीत सिद्धेश्वरच्या यात्रेत मीपण एका मुलाचा हात धरून फिरलोय. पाळणे, भेळ, ती सगळी गर्दी. कुणीही बघितलं नाही कारण आपल्या गावात दोन पोरांनी हात धरणं म्हणजे काहीच नाही. कंबर तलावाच्या कडेला बसलो तरी काही नाही. ही मोकळीक मला फार उपयोगी पडली, मी तिचा ऋणी आहे. पण तिनंच मला झाकूनही टाकलं. मी जे जगत होतो ते समोर असून कुणाला दिसत नव्हतं, आणि पुढं त्याचं लग्न ठरलं तेव्हा मला काय झालं हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, दोस्ताच्या लग्नात दोस्त नाचतो, मीपण नाचलो. तुझी दोस्ती दोस्तीच आहे, त्यात मला शंका नाही. पण तुझ्यासारख्याच दिसणाऱ्या हजार जोड्यांत काही माझ्यासारख्या असतात, आणि पडद्यावर त्यांना बघायला मी कुठं जाऊ? म्हणून मी स्टीव्ह-बकीकडं जातो. तुझ्याकडनं काही काढून घेत नाही.

जुना_अंक

कॉमिक्स वाचणाऱ्यांच्या बाजूनं थोडी भर घालतो, कारण हा वाद पिक्चरपेक्षा पुष्कळ जुना आहे.

१९५४ साली फ्रेडरिक वर्थम नावाच्या मानसोपचारतज्ज्ञानं पुस्तक लिहून आरोप केला की कॉमिक्समुळं पोरं बिघडतायत, आणि त्यात बॅटमन-रॉबिनच्या घराचं वर्णन दोन समलिंगी पुरुषांनी एकत्र राहण्याचं स्वप्न असं केलं. अमेरिकेच्या सिनेटसमोर त्याची साक्ष झाली, आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी त्याच वर्षी स्वतःहून कॉमिक्स कोड बसवून घेतला. त्या कोडमध्ये समलैंगिकतेला पूर्ण बंदी होती आणि ती १९८९ पर्यंत टिकली. १९५६ ला बॅटवुमन आली, बॅटमनला एक मैत्रीण असावी म्हणून. सातरस्ता ज्याला दाखला म्हणतोय तो शॅरनच्या साठ वर्षं आधी असा दिला गेलाय. आणि पुढची गंमत बघा, २००६ ला बॅटवुमन नव्या रूपात आणली तेव्हा ती लेस्बियन होती, आणि २०२१ मध्ये टिम ड्रेक, म्हणजे एक रॉबिन, बर्नार्ड नावाच्या मुलाला डेटसाठी हो म्हणाला.

आता बकी. मूळ १९४१ च्या सायमन-कर्बीच्या कॉमिकमध्ये बकी हा स्टीव्हचा बालमित्र वगैरे नाही, तो पोरसवदा साथीदार आहे, रॉबिनसारखा. मग लहानपणी किडकिडीत स्टीव्हला गुंडांपासून वाचवणारा मित्र आला कुठनं? तो आहे आर्नी रॉथ. १९८२ मध्ये कॅप्टन अमेरिकाच्या मासिकात लेखक डीमॅटिसनं आणला, स्टीव्हचा जुना दोस्त, आता वय झालेला, आणि मायकल नावाच्या पुरुषासोबत राहणारा. कोड चालू होता म्हणून तो शब्द उच्चारता येत नव्हता, पण वाचणाऱ्याला कळत होतं. मायकल संकटात आहे म्हणून आर्नी स्टीव्हकडं येतो आणि स्टीव्ह जराही न कचरता मदत करतो.

म्हणजे पिक्चरमध्ये आर्नीचं बालपण उचलून बकीला दिलं, आणि आर्नीचा मायकल तेवढा बाहेर ठेवला. सातरस्ताला जे दिसतंय त्याचं मूळ असं आहे.

सातरस्ता

जुना_अंक, हे मला माहीतच नव्हतं. दोनदा वाचलं. मायकल बाहेर ठेवला, हे डोक्यातनं जाईना झालंय.

पेठेतली

मी वयानं तुमच्या सगळ्यांच्या आईएवढी आहे, सुपरहिरोचं मला फार कळत नाही, नातवंडं लावतात तेव्हा बसते. पण शोले मी त्या काळात सोलापुरातच बघितलाय, एकदा नाही. जयच्या नाण्याला दोन्हीकडं छापच आहे हे तो गेल्यावर वीरूला कळतं ना, म्हणजे प्रत्येक वेळी यानं स्वतःच ठरवलेलं आणि शेवटी मरायलाही स्वतःच थांबला. वीरूला बसंती आहे, जय राधाकडं बघत असतो, तरी पिक्चरमध्ये सगळ्यात मोठं रडू त्या दोघांचंच आहे. आम्ही त्याला काही नाव दिलं नाही आणि द्यायची गरजही वाटली नाही. पण माझ्या भाच्यानं घरी सांगितल्यापासून मला वाटतं की ज्यांना गरज होती त्यांना आम्ही कधी विचारलंच नाही. सातरस्ता बाळा, दोस्ताच्या लग्नात नाचलास ते वाचून वाईट वाटलं.

पद्मनगर

आमच्या घरी तेलुगू, बाहेर मराठी, पिक्चर तीन भाषांत. त्यामुळं मला आरआरआर आणावाच लागेल, सुपरहिरो नाही म्हणणाऱ्यांनी भीमाला वाघाशी भिडताना परत बघा. २०२२ ला आला तेव्हा आमच्या पूर्व भागात तेलुगूतच बघायचा म्हणून लोकं अडून बसली होती. राम आणि भीम पुलाखाली दोरीला लटकून एका पोराला वाचवतात, हवेत हात पकडतात, आणि पुढचं सगळं गाणं म्हणजे दोघं खातायत, गाडीवर फिरतायत, एकमेकांना खांद्यावर घेतायत. माझे वडील, काका, सगळे शिट्ट्या मारत होते, दोस्ती म्हणून. काही महिन्यांनी परदेशातल्या लोकांनी बघितला आणि अर्ध्यांना ती लव्हस्टोरी वाटली, इंटरनेटवर तेच. इकडची माणसं चिडली, आमच्या संस्कृतीची यांना समज नाही म्हणून.

मला दोन्ही बरोबर वाटतात हे सांगायचंय. राजामौलीनं दोस्तीच दाखवली, रामला सीता आहे, भीमाला जेनी आहे. पण आग आणि पाणी, एकानं दुसऱ्याला चाबकानं फोडताना स्वतः रडणं, नंतर फोडणाऱ्याचेच पाय निकामी झाले म्हणून मार खाल्लेल्यानं त्याला खांद्यावर बसवून लढणं, एवढी तीव्रता हिरो-हिरॉइनला त्या पिक्चरमध्ये मिळालेलीच नाही. सीता आणि जेनी मिळून किती मिनिटं दिसतात? कडकभाकरी म्हणतो तशी जागा आपल्याकडं मोठी आहे हे खरं, म्हणूनच तिच्यात काय काय मावतं हे बघायला आपल्याला नको वाटतं.

हुतात्मा_एक्सप्रेस

सातरस्ता दादा, अर्धा पटला, अर्धा नाही.

पेगीवर अन्याय केलात. बकीला सोडवायला स्टीव्ह गेला ते विमान कुणी मिळवून दिलं? पेगीनं हॉवर्ड स्टार्कला गाठलं, स्वतः सोबत आली, नोकरी पणाला लावून. तो किडकिडीत असताना त्याला माणूस म्हणून बघणारी ती होती. कंपासमध्ये फोटो तिचा आहे. २०१४ मध्ये तो अंथरुणाला खिळलेल्या, विसरायला लागलेल्या पेगीला भेटायला जातो, तो सीन तुम्ही सोडूनच दिलात, विसरणं तिथंही आहे की. स्टीव्हला दोघंही आवडत असतील, बायसेक्शुअल माणसं जगात असतात, आणि या असल्या वादात आमचाच बळी जातो, एक तर हे नाहीतर ते.

दुसरं, मला या सबटेक्स्टचा, म्हणजे उघड न बोलता सुचवलेल्या अर्थाचा, आता कंटाळा आलाय. चतकोर मिळतोय म्हणून आपण त्याच्याच गोष्टी करत बसतो. मार्व्हलच्याच एटर्नल्समध्ये २०२१ ला फास्टोस या सुपरहिरोला नवरा आणि मुलगा दाखवला, तर सौदी, कुवेत, कतारमध्ये तो लागलाच नाही. म्हणजे सरळ दाखवायची किंमत असते आणि ती कुणीतरी मोजायला लागते. आपल्या मराठीत तर २०२५ ला साबर बोंडं आला, रोहन कानवडेचा, अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक सिनेमाचं सगळ्यात मोठं ज्युरी बक्षीस मिळालं. वडील गेलेत म्हणून मुंबईचा माणूस गावी येतो आणि तिथल्या त्याच्या जुन्या मित्राजवळ जातो, दहा दिवसांच्या दुखवट्यात. गावाकडचे दोन पुरुष, मराठी बोलणारे, एकमेकांवर प्रेम करणारे, कुणाला पुरावे शोधत बसायची गरज नाही. हे असताना मी हेलिकॉप्टर धरल्याच्या सीनचा अर्थ का लावत बसू?

सातरस्ता

पेगीचं मान्य, ती मलाही आवडते आणि विमानाचा मुद्दा भारी आहे. दोघंही आवडत असतील हे मला पूर्ण चालतं, माझं वाकडं शॅरनशी आहे, पेगीशी नाही.

सबटेक्स्टचं मात्र मी सोडणार नाही. तू तारखा बघ. ११ डिसेंबर २०१३ ला सुप्रीम कोर्टानं ३७७, म्हणजे आमच्या संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम, परत आणलं. ६ सप्टेंबर २०१८ ला आमच्यापुरतं काढलं. विंटर सोल्जर आणि सिव्हिल वॉर दोन्ही बरोबर त्या मधल्या काळात आले. त्या दिवसांत सोलापुरात हिंदी डबिंगमध्ये, शिट्ट्यांच्या गर्दीत, मी एक पुरुष दुसऱ्या पुरुषासाठी ढाल फेकून देताना बघितला आणि आख्खं थिएटर टाळ्या वाजवत होतं. त्यांना काय वाटलं ते त्यांचं. मला ते तेव्हा लागत होतं. साबर बोंडं तेव्हा असता तर मी बघायला एकटा गेलो असतो का, तिकीट कुणाच्या नजरेला पडेल म्हणून घाबरलो असतो, माहीत नाही. स्टीव्हला बघायला मी आई-बाबांसोबत गेलो. साबर बोंडं हवाच, असे शंभर हवेत, पण त्याच्या आधी आम्ही ज्याच्यावर तगलो त्याला उरलंसुरलं म्हणू नकोस.

कडकभाकरी

सगळं वाचलं. आरआरआरला हात लावायचा नाय, तिथं मी ऐकणार नाय. पण शॅरनचं बरोबर हाय, मला पण तवा वाटलं की ही मध्येच कुठनं आली बे. आणि एन्डगेमला बकीला तसं सोडून जायला नको होतं. शंभर वर्षांचा दोस्त, दोघांच्याच लहानपणीचे साक्षीदार दोघंच, आणि हा पठ्ठ्या टाइम मशीनमध्ये बसून मागं निघून जातो, परत येतो तो म्हातारा होऊन, आणि ढाल देतो सॅमला, बकी आपला लांब उभा. दोस्ती म्हणून बघितलं तरी चुकीचं हाय ते.

जुना_अंक

तिथं बकीला आधीच माहीत असतं, त्याच्या निरोपावरनं कळतं. पहिल्या भागात लढाईवर जाताना बकीनं स्टीव्हला जे सांगितलेलं, येईपर्यंत येडेपणा करू नको, आणि त्यावरचं स्टीव्हचं उत्तर, तेच एन्डगेममध्ये जागा बदलून परत बोलतात. फक्त आता जाणारा स्टीव्ह आहे. कुणीतरी जुनं स्क्रिप्ट काढून बघितल्याशिवाय असं लिहिता येत नाही. लिहिणाऱ्यांना वजन ठाऊक होतं, म्हणून तर मला जास्त राग येतो.

पेठेतली

मग यातला पहिला कुठला बघू? हिंदीत पाहिजे, सबटायटल वाचवत नाही मला.

सातरस्ता

काकू, २०११ चा पहिला भाग आधी बघा, हिंदीत ओटीटीवर आहे. सरळ विंटर सोल्जर लावला तर बकी कोण हेच कळायचं नाही. मग २०१४, मग २०१६. एन्डगेमची घाई करू नका, त्याच्या आधीचं पुष्कळ बघावं लागतं. पहिल्या भागात कारखाना पेटल्याचा सीन झाला की इथं येऊन लिहा, आणि विमानातली पेगी पण नीट बघा, हुतात्मा_एक्सप्रेसला बरं वाटेल. भाचा जवळ राहात असेल तर त्यालाही बोलवा.